डोंगरावर फिरणारी ओळ

यंदा काजू उशिराच लागले. मोहर गळला, मधेच ढगाळ हवा पडली, मग गावाने नेहमीप्रमाणे वर्ष बुडाल्याचं जाहीर करून टाकलं, आणि मार्च अर्धा सरल्यावर एका दुपारी मागच्या दाराने तो वास आत आला. पिकलेल्या बोंडूंचा, काजूच्या फळांचा, वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. गोड म्हणावा तर नाकात झोंबतो, आंबट म्हणावा तर जिभेला पाणी सुटतं. मी तांदूळ निवडत बसले होते. सूप हातात तसंच राहिलं आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. माझ्या आत तो वास आणि ते गाणं कुणीतरी एकाच फडक्यात बांधून ठेवलेलं आहे. गाठ सुटली की दोन्ही बाहेर पडतात.

गाणं तसं साधंच. बोटीवर कामाला गेलेल्या माणसाला घराची आठवण येते, बस्स. ध्रुवपद एवढंच: ‘दर्यापेल्यान म्हजें घर, दारांत आवय वाट पळयता.’ समुद्रापलीकडे माझं घर, दारात आई वाट बघते आहे. पुढे कडव्यांमधून सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू, फडक्यातले गरम उंडे पाव, जनेलातून, म्हणजे खिडकीतून, दिसणारा माड, असं त्याला एकेक आठवत जातं. आई दारात आहे, मुलगा पाण्यावर आहे आणि गाणं संपेपर्यंत दोघं आहेत तिथेच राहतात. कुणी घरी पोचत नाही. इतकी वर्षं ते लोकांच्या तोंडी राहिलं ते त्यामुळेच असावं.

परवा मोरजीला भाच्याच्या साखरपुड्याचं जेवण होतं, वाळूवर मांडलेल्या टेबलांवर. तिथे एक दाढीवाला मुलगा गिटार घेऊन हेच म्हणत होता. इतकं सावकाश, की एका ओळीवरून दुसरीवर येईपर्यंत माझी सोलकढी पिऊन झाली. त्याने आईला काढून तिथे एक प्रेयसी उभी केली होती, डोळे-बिळे वर्णन करून. माझ्या नवऱ्याला राग आला. म्हाताऱ्या आईला दारातून हाकलतात म्हणजे काय, असं तो परत येताना सगळ्या वाटेवर म्हणत होता. मला राग आला नाही. या गाण्याने इतकी लुगडी बदललेली मी पाहिली आहेत, की त्यात हे एक आणखी.

मी ते पहिल्यांदा ऐकलं ते पेडणे-म्हापसा बसमध्ये. त्याच वर्षी लग्न होऊन मी डिचोलीकडून पेडण्याला आले होते. ड्रायव्हरकडे एकच कॅसेट होती आणि ती इतकी घासलेली, की ‘दर्या’ म्हणताना गाणाऱ्याला शिंक येतेय असं वाटे. लग्नसराईत बँडवाल्यांनी ते उचललं. नवरी निघताना वाजवायला म्हणून बसवलं खरं, पण त्यांच्या हाताला ठाऊक असलेला ठेका एकच. त्यामुळे नवरी आईच्या गळ्यात पडून रडते आहे आणि पुढे पोरं रुमाल फिरवत नाचताहेत, असा तो सगळा मामला असे.

आमच्या घरात मात्र त्या गाण्याला बंदी होती. सासरे शाळेत मराठीचे मास्तर, भाषेच्या वादात मोर्च्यांना जाऊन घसा बसवून आलेले. त्या वर्षी काजूला मोहर होता तेव्हा कोंकणीचा कायदा झाला आणि शेवटचे बोंडू पडत होते तेव्हा गोवा राज्य झालं. मधला सगळा हंगाम पेडण्यात माणसं मराठीसाठी तावातावाने भांडत होती, आणि भांडत होती ती कोंकणीतून. सासऱ्यांनीही ते गाणं या घरात नको म्हणून सांगितलं ते कोंकणीतच. मग पंधरवडा गेला नसेल, न्हाणीघरातून बाल्दीच्या आवाजाबरोबर तीच चाल ऐकू यायला लागली. एका एकादशीला त्यांनी भजनात नवं पद म्हटलं, ‘पैलतीरी माझे घर, दारी देव वाट पाहे.’ झांजवाल्यांना हसू आवरेना. सासरे गंभीरपणे म्हणाले, चाल कोणाच्या बापायची न्हय. ते मात्र खरंच होतं.

पण काजूचा वास आला की मला बस आठवत नाही, भजन आठवत नाही. मला डोंगर आठवतो आणि पारूकाकी आठवते.

पारूकाकी म्हणजे माझी चुलतसासू. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ झालं नाही. माहेर सावंतवाडीकडे होतं, ते आईवडलांबरोबर संपलं. घरात बारसं असो की लग्न, काकी मागच्या पडवीत नारळ खवत बसलेली असायची आणि पुढे ये असं तिला कुणी म्हणत नसे. तिलाही ते अपेक्षित नव्हतं. मात्र धारगळच्या अंगाला आमच्या घराने काजूचा डोंगर घेतला होता, तिथे तिचं राज्य. हंगामात ती पहाटे भाकरी बांधून निघायची आणि मग सासऱ्यांचीही तिच्यापुढे ब्र काढायची टाप नसे. मला पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, की नवी सून म्हणून पाटावर बसायची हौस असेल तर ती घरात फेडून घे, इथे कमरेत वाकायचं. मी घाबरून लगेच वाकले.

काजू वेचणं लांबून फार गोजिरं दिसतं. जवळून ते वेगळंच असतं. टोकाला खिळा मारलेली काठी, पाठीशी टोपली, खाली सुटे चिरे आणि बिळं, वर कोरांटीचं रान. बोंडूला खिळा टोचायचा, पिरगाळून बी वेगळी करायची, बोंडू टोपलीत टाकायचा. दुपारपर्यंत हात चिकट होतात, काळे पडतात, आणि तो चीक नंतर कातडी सोलून निघतो. रान इतकं दाट, की हातभर अंतरावरची बाई दिसू नये. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला जनावर दिसलं, उन्हाने कुणाला भोवळ आली, तर कळणार कसं? म्हणून बायका मधून मधून कुकारो घालायच्या, लांब हाळी. त्या वर्षी कुकाऱ्याच्या जागी गाणं आलं. कुणी ठरवलं नव्हतं. सगळ्या त्याच बसने यायच्या, सगळ्यांच्या तोंडात तेच.

पण गाणं आहे तसं बायका थोडंच म्हणणार! त्यांना कुठला दर्या आणि कुठलं तारू? डोंगराच्या माथ्यावरून ओळ सुटायची आणि एकेकीकडून खाली उतरत यायची. प्रत्येकीने दर्याच्या जागी आपलं माहेर घालायचं आणि दारात आपलं माणूस उभं करायचं. वरून चंद्रावती म्हणायची, ‘कोरगांवांत म्हजें घर, दारांत आजी वाट पळयता.’ मग माझी पाळी. माझं माहेर खाणींच्या बाजूला, उंबऱ्यावर सदा लाल धूळ, आणि आई गेल्यापासून वडील त्या उंबऱ्याशीच बसलेले. मी म्हणायचे, ‘लाल मातयेंत म्हजें घर, दारांत बापूय वाट पळयता.’ मग माझ्या खालची, मग तिच्या खालची. सगळ्यात खाली, बोंडू तुडवायच्या दगडी कोळंबीपाशी, म्हणजे कुंडापाशी, काकी असायची. तिची ओळ नव्हती. फेरी पुरी झाली की ती खालून ओरडायची, “आयकलें!” म्हणजे सगळ्या जागच्या जागी आहेत, ऐकलं. मग आम्ही पुन्हा वाकायचो.

सासरी आलेल्या मुलीने मला घरची आठवण येते असं म्हणायचं नसतं. म्हटलं तर काय कमी केलं आम्ही, असा प्रश्न येतो. आणि इथे डोंगरावर तेच सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणणं हे काम होतं, नाही म्हटलं तर बोलणी बसायची. मी माझ्या ओळीत किती वेळा रडून घेतलं असेल. आवाज कापला तरी कुणी काही विचारत नसे. चढावर दम लागतोच.

शालन आमच्यात उशिरा आली. गडहिंग्लजकडची, नवरा पेडण्यात इमारतीच्या कामावर. उंच, ढांगा टाकत चालणारी, आणि हात असे चालायचे की तिच्या पुढे पडलेला बोंडू दुसरीला मिळायचा नाही. पहिल्या दिवशी फेरी माझ्यापर्यंत आली, तिच्यापाशी अडली. कुणीतरी म्हणालं, तिला कोंकणी कुठून येणार? खालून काकीने ओरडून सांगितलं, की कुठल्याही भाषेत ओरडू दे, पण ओरडू दे. मग तिने म्हटलं, ‘घाटावरती माझं घर, दारात आई वाट बघती.’ शेताच्या या बांधावरून त्या बांधावर फेकायचा आवाज तो, आमचा डोंगर त्याला लहान पडल्यासारखा वाटला. त्या ओळीत मराठी होती म्हणून कुणी मोर्चा काढला नाही. काकीने तेवढ्याच कोरडेपणाने म्हटलं, आयकलें.

त्या दिवसांची दुपार मला अजून दिसते. पानांतून पडलेलं ऊन, मुंग्यांची रांग, दगडावर चिरडलेल्या बोंडूचा फेस, खाली कोळंबीत नीरो, बोंडूंचा रस, जमत असल्याचा थेंब-थेंब आवाज. अर्धवट झोपेत असल्यासारख्या आम्ही वाकलेल्या असायचो आणि ओळ आमच्यावरून फिरत जायची. माणसं दिसत नसत, नुसती घरं दिसत. कोरगावचं घर, लाल धुळीतलं घर, घाटावरचं मी कधी न पाहिलेलं घर. त्याला मी माझ्या मनाने एक ओसरी दिली होती, ओसरीवर एक म्हातारी दिली होती. ती हिरवी चोळी घालते असंही मी ठरवून टाकलं होतं.

एप्रिलातल्या एका दुपारी वरून ओळ सुटली. चंद्रावती झाली, मी झाले, आणि पुढे काही नाही. आधी वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. खालून काकीचा आवाज आला. “शालनाची ओळ आयली ना.” ओळ आली नाही म्हणताच आम्ही टोपल्या टाकल्या. रानात शिरताना मी प्रत्येक दगडाखाली साप बघत होते. हाका मारत आम्ही डोंगराच्या कडेला पोचलो. तिथे एका चिऱ्यावर शालन बसली होती, शेजारी भरलेली टोपली. समोर खाली धारगळचा हमरस्ता, त्यावरून ट्रक चाललेले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती रस्त्याकडे बघत होती.

काकी धापा टाकत वर आली आणि तिने तोंड सोडलं. आम्ही काय तुझ्यासाठी सगळा डोंगर उपसायचा का, वगैरे. शालनने ते सगळं होऊ दिलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, “आई गेली माझी, काकी. आज ह्यांच्या मुकादमानं सांगितलं. दिवसबी झालं म्हणं. आता दारात कुणाचं नाव घालू?”

मला ओसरीवरची ती हिरव्या चोळीची म्हातारी दिसत होती आणि वाटत होतं, ती कालपर्यंत तिथे बसलेली होती. म्हणजे ती गेल्यावरही इथे आम्ही तिला रोज दारात उभी करत होतो. काकीने शालनच्या टोपलीतला एक बोंडू उचलला, त्याची बी पिरगाळली, बी एकीकडे टाकली. बोंडू हातातच राहिला.

“जाल्यार म्हजें नांव घाल,” ती म्हणाली.

शालनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. काकीला ते बघणं सोसलं नसावं, कारण ती लगेच आपल्या नेहमीच्या आवाजावर आली. “ओळ चुकूंक जायना. माका सगळो दोंगर सोदीत भोंवपाक वेळ ना.” ओळ चुकता कामा नये, डोंगर शोधत फिरायला वेळ नाही, एवढं बजावून ती उतरायला लागली. चार पावलांवर थांबून, पाठमोरीच म्हणाली, “हांव खंय वतां? दारांतच आसतां.” मी कुठे जाणार, दारातच असते.

पुढच्या फेरीला ओळ आली. ‘डोंगरावरती माझं घर, दारात पारू वाट बघती.’ आवाज तोच, फेकलेला. खालून लगेच काही आलं नाही. आम्ही सगळ्या काठ्या थांबवून उभ्या राहिलो. मग कोळंबीपाशी कुणीतरी घसा खाकरला आणि नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हटलं, आयकलें.

त्यानंतर काकीत एक गंमत झाली. संध्याकाळी डोंगरावरून आल्यावर ती मागच्या पडवीत जायच्या ऐवजी पुढच्या दारात कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून बसायला लागली. सासऱ्यांनी विचारलं, आज इथे कशी? ती म्हणाली, वारा येतो. वारा आमच्याकडे मागच्या पडवीतच येतो, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मे सरता सरता राज्य झालं, शाळेत मुलांना पेढे वाटले. काकीने विचारलं, आता बोंडू कोण वेचणार, मंत्री? आणि आम्हाला घेऊन डोंगरावर गेली. शेवटचे बोंडू होते, निम्मे कुजलेले. शालनच्या नवऱ्याचं काम संपलं होतं. निघायच्या दिवशी ती दारात आली, काकीच्या पाया पडली. काकीने भाजलेल्या काजूचं गाठोडं तिच्या हातात कोंबलं आणि ट्रक सुटेल म्हणून तिलाच घाई केली.

शालन परत आली नाही. पुढच्या हंगामात फेरी तिच्या जागेपाशी आली की आम्ही आपसूक थांबायचो, एक ओळ म्हणून व्हावी एवढा वेळ, मग पुढची उचलायची. ते थांबणं कित्येक हंगाम टिकलं. काकी दारातली कदेल काही सोडेना. पाहुणेरावळे चेष्टा करत, काकी कोणाची वाट बघता म्हणून. ती म्हणायची, पोदेराची. अगदी शेवटी, अंथरुणाला खिळल्यावर, काजूचा वास आत आला की माझ्याकडे बघायची आणि विचारायची, “घाटावेली आयली?” मी म्हणायचे, येतली, येईलच. एका श्रावणात ती गेली. तेराव्याला पान वाढून झालं आणि मला एकदम भडभडून आलं. पोटी कुणी नाही, माहेरी कुणी नाही. आता तिचं नाव कुणाच्या तोंडात राहणार, या विचाराने मी मागच्या पडवीत जाऊन खूप रडले.

तर यंदा तो वास आला आणि दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन डोंगरावर गेले. डोंगर म्हणायचा आपला. बराचसा कापून सपाट केला आहे, मधोमध भिंत घातली आहे, पलीकडे इमारती उठल्या आहेत. आमच्या वाट्याची झाडं भिंतीच्या अलीकडे उरलीत. कोळंबी आहे, तिच्यात पालापाचोळा भरला आहे. गुडघे बोलायला लागले तशी मी कोळंबीच्या कडेवर टेकले. ऊन पानांतून तसंच पडत होतं. मुंग्यांनाही काही नवं कळलेलं दिसत नव्हतं.

आणि भिंतीपलीकडून ओळ आली. आधी मला वाटलं, माझंच डोकं. मग दुसरी आली, वेगळ्या आवाजात, वेगळ्या गावाची. घाटी मराठी, पण चाल तीच. बसमधली, बँडची, सासऱ्यांच्या न्हाणीघरातली. मी उठले. भिंत एके ठिकाणी खचली होती, तिथून पाहिलं. इमारतींमागच्या उतारावर कामाच्या बायका लॉनची हिरवळ लावत होत्या, मातीच्या ढिगांआड विखुरलेल्या. आणि भिंतीच्या अगदी जवळ बसलेल्या एका तरण्या पोरीने मान वर न करता म्हटलं, ‘डोंगरावरती माझं घर, दारात पारू वाट बघती.’

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. तिने दचकून वर पाहिलं. मी विचारलं, कुठली गं तू? तिने गडहिंग्लजकडचं गाव सांगितलं. हे गाणं कुठे शिकलीस म्हटलं, तर तिला प्रश्नच कळेना. “आमच्याकडं उसात भांगलताना म्हणत्यात की. ऊस वाढला की माणूस माणसाला दिसत न्हाई, मग वळ फिरवायची.” शालन नावाच्या कुणाला ओळखतेस का, असं मी विचारलं. ती हसली. शालन लई हाईत गावात, म्हणाली.

“बाकीच्यांनी गावांची नावं घेतली. तू डोंगर कसा घेतलास?”

“मला आई न्हाई,” ती म्हणाली, हिरवळीचा तुकडा मातीत दाबत. “जिला आई न्हाई तिनं पारूचं नाव घ्यायचं, असं हाय.”

“पारू कोण?”

“काय ठाऊक.” तिने हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं. “असंल की कुणाची तरी आई.”

होय, मी म्हटलं. होती. तिला मुकादमाने हाक मारली म्हणून ती वाकली, आणि मी पिशवी उचलून परत झाडांत आले. बोंडू वेचायचं सुचत नव्हतं. कोळंबीपाशी नुसती उभी राहिले. थोड्या वेळाने पलीकडून पुन्हा फेरी सुटली. एकेक गाव, एकेक दार. वरून खाली येत येत ओळ त्या पोरीपाशी आली, तिने पारूचं नाव घेतलं, आणि फेरी तिथे संपली. पुढचं त्यांच्याकडे कुणी म्हणत नसावं.

मी तोंडाशी हात धरले आणि कोळंबीपासून, जमेल तेवढ्या मोठ्याने, ओरडले, “आयकलें!”

पलीकडे कुणीतरी हसलं. मग त्यांच्यातल्या एकीने पुढची ओळ उचलली.